खंडेनवमीला फिरलेली यादी

तीनशे फ्लँज टेम्पोतून परत आल्या, तेव्हा मी सातपूरच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात चहा पीत बसले होते. फ्लँज म्हणजे पाइपाच्या तोंडाशी बसणारी जाड लोखंडी चकती. तिला कडेने बोल्टसाठी भोकं असतात. कस्टमरला सहा भोकांच्या हव्या होत्या. आम्ही चार भोकांच्या पाठवल्या होत्या.

"आणखी दोन भोकं पाडून भागेल का?" मालक निकम साहेबांनी विचारलं.

"नाही भागणार. चाराच्या जागा सहाला जुळत नाहीत," फोरमन गांगुर्डे मामा म्हणाले. "आन् साहेब, ड्रॉइंगमध्ये चारच होती."

"ड्रॉइंगमध्ये सहा आहेत. मी स्वतः सही केलीय."

संध्याकाळपर्यंत कस्टमरला लेखी कारण द्यायचं होतं. त्याचा छापील फॉर्म असतो. चूक का झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, वगैरे. साहेबांनी पेन्सिलने पहिला रकाना भरूनही टाकला: 'ऑपरेटरची चूक. गांगुर्डे.'

मामांनी ते वाचलं. "मार्चमध्ये रिटायर होतोय मी. तीस वर्षांत माझा एक लॉट माघारी आला नाय. आता हे नाव घेऊन घरी जाऊ का?"

मी कप खाली ठेवला. मामांनी ते ड्रॉइंग कुठून घेतलं, हे मला चांगलंच माहीत होतं. माझ्या पानावरून.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी इंदिरानगरला घरच्याच एका खोलीत बसून लोकांच्या वेबसाइट करत असे. निकम साहेबांना वेबसाइट नको होती. त्यांना ड्रॉइंगच्या कागदी भेंडोळ्यांपासून सुटका हवी होती. म्हणून मी ऑफिसच्या सर्व्हरवर पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक पान करून दिलं. शॉपमधल्या, म्हणजे मशीनं चालतात तिथल्या, कॉम्प्युटरवर पार्टचा नंबर टाकायचा, की त्या पार्टची सगळी ड्रॉइंग दिसतात. कस्टमरने बदल सांगितला की ड्रॉइंगची नवी रिव्हिजन निघते. जुनीही फोल्डरमध्येच राहतात.

आता गंमत अशी, की पीएचपीला 'फोल्डर वाच' म्हटलं की ते फाइल्स हाताला लागतील तशा देतं. क्रम आपण लावायचा. मी प्रत्येक फाइल शेवटची कधी सेव्ह झाली ती वेळ filemtime ने काढली आणि arsort ने ताजी वर, शिळी खाली अशी यादी लावली. सात-आठ ओळींचं काम. मला त्याचा फार अभिमान होता. मामांचा विश्वास बसत नव्हता, तेव्हा मीच ऐटीत म्हटलं होतं, "मामा, सगळ्यात वरचं तेच नवं. डोळे झाकून घ्या."

बिचाऱ्यांनी डोळे झाकून घेतलं.

मी शॉपमध्ये जाऊन फ्लँजचा नंबर टाकला. सगळ्यात वर रिव्हिजन एक, चार भोकांची. खाली दोन. तळाशी तीन, सहा भोकांची. arsort ऐवजी asort लिहिलं तर यादी नेमकी अशी फिरते, एका अक्षराचा फरक. कोड उघडला. अक्षर जागेवर होतं. दुसरा पार्ट टाकला, तोही खालचा वर. तिसरा तसाच.

मग यादीसमोर तारखा छापून बघितल्या. नव्वदच्या वर फाइल्स, सगळ्या एकाच दिवशी सेव्ह झालेल्या. सकाळी नऊपासून दुपारपर्यंत, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने.

"व्हायरस!" निकम साहेब म्हणाले. त्यांना हा शब्द आवडायचा.

"सर्व्हरचं घड्याळ बिघडलं असेल," मी म्हटलं. घड्याळ सेकंदाला बरोबर निघालं.

मामांनी खिशातून ड्रॉइंगची प्रिंट काढून माझ्यापुढे धरली. "पोरी, एवढं सांग. कोपऱ्यात हे गोल काय आहे? ह्याला माप नाय. मी खैरनारला फोन करून विचारलंबी होतं. तो म्हणला, तिकडं बघू नका, ते आपलं आहे."

खैरनार भाऊ म्हणजे आमचे ड्राफ्ट्समन, सगळी ड्रॉइंग काढणारे. सटाण्याचे, देवभोळे आणि कामात कमालीचे नीटनेटके. त्यांना बोलावलं.

"भाऊ, हे गोल कसलं?"

"कुंकू," खैरनार म्हणाले.

निकम साहेबांनी प्रिंट उजेडात धरून बघितली.

"कलरमध्ये लाल दिसतं मॅडम. आपला प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट हाय."

मग सगळा उलगडा झाला. त्या वर्कशॉपची पद्धत अशी, की खंडेनवमीला प्रत्येक मशीनला हळदकुंकू वाहायचं आणि मुहूर्त म्हणून ते क्षणभर तरी चालवायचं. एकही हत्यार सुटता कामा नये. खैरनारांची हत्यारं म्हणजे ड्रॉइंग. पूर्वी ते भेंडोळ्यांना कुंकवाचं बोट लावायचे. भेंडोळी मी बंद केली. तेव्हा त्यांनी एकेक फाइल उघडली, कोपऱ्यात लाल टिळा काढला आणि सेव्ह केली.

"पण क्रम का फिरला?" मी विचारलं.

"एकबी सुटू नये म्हणून तुमच्या पानाची प्रिंट घेतली. वरून खाली टिक करत गेलो."

माझ्या यादीत नवं वर होतं, म्हणून त्याला टिळा आधी. सगळ्यात जुन्याला शेवटी. म्हणजे सगळ्यात जुनं ड्रॉइंग सगळ्यात उशिरा सेव्ह झालं आणि माझ्या स्क्रिप्टने इमानेइतबारे त्याला डोक्यावर बसवलं. आत सहा भोकं आली काय आणि कोपऱ्यात कुंकू आलं काय, कॉम्प्युटरला काय कळतंय? चूक शोधायला निघाले, तर सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. मला हसू येत होतं आणि मामांकडे बघून लाजही वाटत होती.

"साहेब, ते नाव खोडा," मी म्हटलं. "डोळे झाकून घ्या, असं मामांना मी सांगितलं होतं. लिहायचंच तर माझं लिहा."

"तुमचं कसं लिहू? तुम्ही पगारावर नाही." निकम साहेब पेन्सिल चावत बसले. "आणि पूजा चुकली असं मी लिहिणार नाही. देवाला कशाला मध्ये आणायचं?"

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी फॉर्म असा गेला. कारण: 'खंडेनवमीनिमित्त ड्रॉइंगची पूजा केल्याने फाइलच्या तारखा बदलल्या.' उपाय: 'यापुढे कुंकू फक्त प्रिंटला लावण्यात येईल.' ऑपरेटरची चूक: 'नाही.'

पाचच्या सुमाराला कस्टमरच्या क्वालिटी हेडचा फोन आला. आम्हाला निकम साहेबांचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो... हो, खरंच... नाही साहेब, सत्यनारायण बाहेर घालतो. फाइलींपर्यंत तीर्थ जात नाही... हो, लिहून देतो."

तेही लिहून दिलं. फॉर्म मंजूर झाला.

मी स्क्रिप्ट त्याच दिवशी बदलली. आता यादी तारखेवर लागत नाही, फाइलच्या नावातल्या रिव्हिजन नंबरवर लागते. नव्या तीनशे फ्लँज मामांनी स्वतः उभं राहून काढून घेतल्या. चार भोकांच्या तीनशे मागच्या शेडमध्ये ठेवल्या. कुणीतरी कधीतरी मागेल, अशी साहेबांना आशा होती. फॉर्मची झेरॉक्स मात्र मामांनी मागून घेतली. 'नाही' या शब्दाखाली माझ्याकडून लाल पेनाने रेघ मारून घेतली आणि ती घरी दाखवायला नेली.

तेव्हापासून नवा क्लायंट आला की बाकी प्रश्नांआधी मी एक विचारते: तुमच्याकडे कशाकशाची पूजा होते? लोक हसतात. पिंपळगाव बसवंतचा एक कोल्ड स्टोरेजवाला मात्र हसला नाही. त्याने नीट विचार केला.

"दसऱ्याला वजनकाटा पूजतो मॅडम. औंदा कॉम्प्युटरबी ठेवू का?"

"ठेवा की," मी म्हटलं. "पण बंद करून."