चार वाजताची साय

आमच्या मांजराच्या पाठीवर कोंडा दिसायला लागला, आणि आमच्या सोसायटीत किती पशुवैद्य राहतात ते मला कळलं. त्यांतल्या एकाकडेही मांजर नव्हतं.

मांजर काळं कुळकुळीत. त्यामुळे शेपटीच्या वर, पाठीवर, रवा सांडल्यासारखं दिसायचं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यातच गाठलं. "अहो, खोबरेल तेल लावा. आमच्या नातवाचा कोंडा आठ दिवसांत गेला." नातू स्वतःची पाठ चाटत नसावा, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण बाईंशी बोलणं वाढवण्यापेक्षा तेल परवडलं. तेल लावलं. मांजराने निम्मं चाटलं, निम्मं सोफ्याला पुसलं आणि दोन दिवस पोट बिघडवून घेतलं. मग आमचे चिरंजीव सरसावले. त्यांनी मोबाइलवर कुणा परदेशी माणसाला मांजर धुताना पाहिलं होतं. रविवारी बाथरूममध्ये टब, कोमट पाणी, खास शांपू, असा थाट. चिरंजीव मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे घेऊन बाहेर आले आणि कोंडा दुप्पट झाला. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच.

मांजर आणलं होतं सुनेने. ती नागपूरची, नोकरी खराडीच्या कंपनीत. सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी सातला उगवते. हौस तिची, आणि दिवसभर मांजराबरोबर घरात कोण, तर मी. निवृत्त माणूस म्हणजे घरातलं एक बोलणारं फर्निचर, असा या पिढीचा समज आहे. "बाबा, किती खाजवून राहिली हो ही!" असं ती रोज संध्याकाळी म्हणायची. जसं काही मी आंधळा होतो.

शेवटी तिने सुटी घेतली आणि आम्ही स्वारगेटजवळच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणजे जीन्समधली पोरगी. मला 'आजोबा' म्हणाली, तिथेच माझ्या मनातून उतरली. तिने केस मागे सारून दिव्याखाली कातडी पाहिली, मांजराला वजनकाट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "पिसवा नाहीत, बुरशी नाही. मांजर जाड झालंय. वळून पाठ चाटता येत नाही, म्हणून तिथे कोंडा साचतो. तेल नको, आंघोळ नको. खाणं कमी करा आणि रोज ब्रश फिरवा. काय देता हिला?"

सुनेने वाटीचं माप सांगितलं.

"एवढ्यावर मांजर एवढं सुटत नाही. दूध, साय, असं कोणी काही देतं का?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, नुसतंच विचारल्यासारखं.

"आमच्याकडे मांजराचे लाड करायला कोणी रिकामं बसलेलं नाही," मी म्हणालो.

हे धादांत खोटं होतं. पत्नी गेल्यापासून चारचा चहा मी एकटा पितो. चहा झाला की दुधाच्या पातेल्यावरची साय, चांगली जाड, बशीत काढून खाली ठेवायची, आणि मांजर ती खाऊन माझ्या पायांशी तासभर बसायचं. दोन वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि कोणी बघत नाही असं समजतं, असं म्हणतात. आमच्या घरात मांजर उघड्या डोळ्यांनी खायचं. मिटले होते ते मी.

पुढचा महिनाभर सुनेने मांजराचं खाणं निम्म्यावर आणलं. ऑफिसला निघण्याआधी, एका हातात डबा धरून, ती त्याच्या पाठीवर ब्रश फिरवायची. मी ते पेपराआडून बघायचो आणि चार वाजता, ते अर्धपोटी राहतं म्हणून, जरा जास्तच साय काढायचो. दुसऱ्या खेपेला वजन वाढलेलंच निघालं. "तुमचं कुठेतरी चुकतंय," डॉक्टर तिला म्हणाली. ती मान खाली घालून "हो" म्हणाली. मी, जो अख्ख्या सोसायटीच्या चुका काढतो, तो भिंतीवरची कुत्र्यांची चित्रं बघत बसलो.

परतताना रिक्षात टोपली तिच्या मांडीवर होती. "बाबा, मी हिला नागपूरला आईकडे ठेवून येते. आई दिवसभर घरी असते. माझ्याच्यानं नाही होऊन राहिलं." आणि ती रडायला लागली. मी "बघू" म्हणालो. भित्रा माणूस नेहमी "बघू" म्हणतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मांजर येऊन बसलं. पातेलं माझ्या हातात होतं. शनिवारी ते नागपूरला जाणार होतं. मला लाज वाटली, पण भीती त्याहून जास्त वाटली. साय नसती तर ते माझ्यापाशी आलं असतं का, हे मी कधी तपासून पाहिलं नव्हतं. माझ्याकडे दुसरं देण्यासारखं काही होतं असंही नाही.

संध्याकाळी सून आली. ती चपला काढत असतानाच मी सांगून टाकलं, "साय मी देतो. रोज. दोन वर्षं."

तिने दुसरी चप्पल काढून जागेवर ठेवली. मग म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"आणि मला तिथे बसून नाही वाटली?"

नागपूरचा बेत रद्द झाला, पण पुढचे दोन दिवस ती माझ्याशी "जेवायला या" यापलीकडे बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या चहाच्या कपाशेजारी ब्रश ठेवला. "चार वाजता हे द्या," एवढंच म्हणाली. 'बाबा' नाही, काही नाही. असं तोडून बोलायला ती माझ्याकडूनच शिकली असणार.

चार वाजता मी साय तुपासाठी डब्यात टाकली. मांजर आलं, रिकामी जमीन हुंगली आणि मी लोकांकडे बघतो तसं माझ्याकडे बघून पाठ फिरवून बसलं. चला, निदान पाठ तरी समोर आली. मी गुडघे धरत खाली बसलो आणि ब्रश फिरवला. ते उठून गेलं नाही. माझ्या निळ्या पायजम्यावर पांढरा कोंडा पडत राहिला.

सात वाजता सून येईपर्यंत मी तो झटकला नाही. तिला तो दिसायला हवा होता.