फोडायचा की फोडायचं

सिडनीजवळच्या केलीव्हिलमधल्या आमच्या शेजाऱ्याने नवं कुंपण घालताना ते आमच्या परसात हातभर आत सरकवलं. हातभर म्हणजे माझा हात नव्हे, पैलवानाचा! जमीन त्याने ढापली आणि दंगलीचा खटला कोणावर? माझ्यावर!

झालं असं, मी सर्व्हेयर बोलावला. मोजणीआधी नारळ फोडावा, म्हणून ग्रुपवर मेसेज टाकला : "शनिवारी दहाला सगळे या. कुंपणापाशी फोडायचाय." काय फोडायचाय, हे मराठी माणसाला सांगावं लागतं? मंडळी जमली. एकाने झांजा आणल्या, आवाज थेट पॅरामॅटापर्यंत गेला असेल. शेजाऱ्याने पोलीस बोलावले. त्यांना आमच्यातल्याच एका शहाण्याने कौतुकाने मेसेज दाखवला. फोनने भाषांतर केलं, 'कुंपण तोडायचे आहे.'

इथल्या कायद्यात दंगलीला किमान बारा माणसं लागतात. आम्ही बरोबर बारा भरलो. बाराव्या दंगलखोर माझ्या सासूबाई, गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत बसलेल्या!

मला हसू येत नव्हतं. माझा सिटिझनशिपचा अर्ज आत पडला होता. दोषी ठरलो असतो, तर अकरा वर्षांचा संसार गुंडाळायची वेळ.

कोर्टाने मराठी भाषांतरकार बाई बोलावल्या. त्या म्हणाल्या, "कुंपण नपुंसकलिंगी. ते असतं तर 'फोडायचं' लिहिलं असतं. 'फोडायचा' म्हणजे वस्तू पुल्लिंगी. नारळ."

सरकारी वकील ताडकन उठला. "शेजारीही पुल्लिंगीच ना?"

बाई मात्र चौथीच्या वर्गाला शिकवावं तशा म्हणाल्या, "माणूस असता तर 'त्याला फोडायचंय' झालं असतं. माणसाला 'ला' लागतो."

मॅजिस्ट्रेटने 'म्हणजे नारळच ना?' असं तीनदा विचारलं, तीनदा मान हलवली आणि खटला काढून टाकला.

मी उभा राहून ओरडलो, "आणि माझ्या जमिनीचं काय?"

"तो वेगळा विषय. वेगळा अर्ज करा."

सुटलो खरा, पण सिटिझनशिपवाल्यांचं पत्र आलं : आपल्यावर दंगलीचा आरोप होता, खुलासा करा. खाली चौकोन, दोन ओळींचा. अरे, ज्याने जमीन ढापली त्याला एक ओळ लिहावी लागली नाही, आणि मी दोन ओळींत तुम्हाला मराठीची तीन लिंगं शिकवू? पाच पानं जोडली. विभक्तीसकट.