ह्वाजाताईचा अर्धा डाग

माझं डोकं लवकर तापतं, हे कोरियातल्या देगू शहरातल्या आमच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या हाताला एक खोड आहे, ती त्याहून वाईट. समोर चेहरा आला की हा मेला हात गप्प बसत नाही. बावीस वर्षं नोकरीच्या अर्जांचे फोटो काढते. मग संगणकावर हनुवटी निमुळती कर, डोळे मोठे कर, रंग उजळ कर. गिऱ्हाईक मागो न मागो, मी करते, तेही फुकट.

ह्वाजाताई आली तेव्हाही तेच झालं. चोपन्न वर्षांची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं तळणाच्या कढईपुढे उभी राहिलेली. मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली. डाव्या गालावर उकळत्या तेलाचा डाग, कानापासून हनुवटीपर्यंत. एका कारखान्याच्या खानावळीत जागा निघाली होती आणि अर्जावर फोटो हवाच. माझ्याकडचा काळा कोट मी तिला चढवला, मागून चिमटे लावून आवळला.

"डागाला हात लावू नकोस हं," ती म्हणाली.

"बरं बाई," मी म्हटलं, आणि दहा मिनिटांत पुसून टाकला. वाटलं, बिचारीचं भलं होईल. फोटो हातात घेऊन ती बघतच राहिली.

"अगं, ही कोण?" म्हणाली, आणि हळूच पिशवीत टाकला.

मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ती दुकानात शिरली ती लाल डोळ्यांनीच.

"चौघं बसले होते. मी काय रांधते ते एकानंही विचारलं नाही. एकदा फोटोकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. एक म्हणतो, 'काकू, अर्ज स्वतःचाच आणलाय ना?' सगळे खिदळले. दुसरा म्हणतो, 'तोंडाची लबाडी करते, ती सामानात काय करेल!'"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या चौघांवर की स्वतःवर, देव जाणे. "घाल कोट!" मी ओरडले. खरा फोटो काढला. अगदी जसाच्या तसा, डागासकट. तो पाच ठिकाणी गेला.

महिना गेला. एकाही ठिकाणाहून फोन नाही. मला चैन पडेना. मासळीच्या दुकानापाशी ती लांबून दिसली की मी गल्ली बदलायची. एकदा गाठलंच तिनं. रागावली नाही, नुसती म्हणाली, "काम नसलं की घर खायला उठतं गं."

काल ती पुन्हा आली. एका इस्पितळाच्या खानावळीत जागा होती, अर्जाचा शेवटचा दिवस. कोट तिनं आपणच चढवला. मी फोटो काढला आणि संगणकापुढे बसले.

"पुसू?" मी विचारलं.

"पुसलास तर लबाड ठरते. ठेवलास तर दारातही उभं करत नाहीत." ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "अर्धा ठेव."

"म्हणजे गं ताई?"

"बोलावतील एवढा पुस. तिथं गेल्यावर ओळखतील एवढा ठेव."

बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा हात जड झाला. मी हनुवटीकडून पुसत वर निघाले.

"इथपर्यंत?"

"अजून थोडा."

"इथं?"

"हां, बस. थांब."

पडद्यावरच्या गालाकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग स्वतःच्या गालावर, बरोबर जिथं मी पुसायची थांबले होते तिथं, तिनं बोट टेकवलं.

"एवढंच भाजलं असतं तर बरं झालं असतं, नाही गं?"