विकायच्या घराचं लॉन

वेलिंग्टनमधल्या एका सरकारी खात्यात नवऱ्याची आयटीची नोकरी होती. मार्चमध्ये ती गेली. त्याची अख्खी टीमच गेली, त्यामुळे पुढे जिथे अर्ज करावा तिथे त्याच जागेसाठी हीच सगळी माणसं स्पर्धेला. जूनपासून हिवाळाभर तो घराबाहेर पडला नाही. मी हॉस्पिटलमधून ड्यूटी करून परतायचे तेव्हा तो सकाळच्याच खुर्चीत, सकाळच्याच स्वेटरमध्ये असायचा.

पाऊसही असा लागून राहिला की मागच्या लॉनवरचं पाणी हटेना. गवत कुजलं. सप्टेंबरात घर विकायचं ठरलं, तेव्हा तिथे नुसतं शेवाळ आणि चिखल होता. एजंट बाईंनी मागचं दार उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, हे नीट होईपर्यंत फोटो नकोत.

सुट्टीच्या दिवशी मी दाताळ्याने शेवाळ खरवडलं. खालून काळी, आंबूस वासाची माती निघाली. बागेच्या काटेरी फोर्कने भोकं पाडली, त्यांत वाळू भरली, वर नवी माती पसरून बी टाकलं. नवरा खिडकीतून बघत होता. मला राग आला होता, पण त्याचा चेहरा पाहिला की तोही टिकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी चिमण्या बी टिपायला उतरल्या, तसा तो जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बाहेर आला. मग रोजच पायरीवर बसून राखण करू लागला. एका संध्याकाळी चहा देताना मी म्हटलं, बाहेर बसतोस ते बरं वाटतं.

तो म्हणाला, "आत जायला नको वाटतं, म्हणून बसतो."

"डॉक्टरकडे जाऊ या?"

"जाऊ. घर विकलं की."

गवत आलं, दाट आलं. घर बघायला आलेल्यांची मुलं त्यावर धावू लागली. आम्ही तेव्हा घरामागच्या रस्त्यावर गाडीत थांबलो होतो. आमची लेक काचेला नाक लावून म्हणाली, "दे आर ऑन अवर ग्रास." मी गाडी सुरू केली.

घर विकलं गेलं. त्याला ब्रिस्बेनमध्ये काम मिळालं, तो एकटाच गेला. माझी बदली ऑकलंडला झाली. लेक आणि मी तिथल्या न्यू लिन भागात दोन खोल्यांच्या युनिटमध्ये राहतो. तो रविवारी फोन करतो. डॉक्टरकडे गेलास का, असं मी दर वेळी विचारते. तो म्हणतो, कामातून वेळ मिळाला की जातो, आणि लेकीला फोन द्यायला सांगतो.