मारबतच्या चिठ्ठ्या

मायी पोरगी तिसरीत हाय. तोंडानं इतकी बोलते का कान पकून जातात. तलावाच्या पाळीवर बगळा कसा उभा होता, कुत्र्यानं कोणाची चप्पल पळवली, बसमधी कोण कोणाशी भांडलं, सारं सांगते, हात करू करू सांगते. पण हातात पेन्सिल देल्ली का गोटा. वही कोरीच्या कोरी.

त्या कोऱ्या वहीचा फोटो मॅडमनं पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर पोरीचं नाव, कोऱ्या पानावर मॅडमच्या लाल पेनाची फुली, खाली 'पालकांनी लक्ष द्यावे'. मी तवा धानातलं तण निंदाले गेली होती, पिंडरीभर चिखलात उभी, मोबाईल पदरात बांधलेला. शेताच्या धुऱ्यावर येऊन पायलं त पोरीचं नाव अन् कोरी वही. बाजूच्या बांधीतली बाई मोबाईल हलवत म्हणते, "काहून वो, तुयी पोरगी त लय चुरूचुरू बोलते, मंग वहीत काहून मुकी हाय?" अन् साऱ्या जणी हासल्या. मी बी हासली. काय करू?

राग मॅडमवर याले पायजे होता. पण मॅडमचं मले भेव वाटते. शाळेचंच भेव वाटते. नववीत नापास झाली, तवापासून शाळेचं फाटक दिसलं का मी रस्ता बदलते. पोरीचे बाबा भंडाऱ्याले भांड्याच्या दुकानात कामाले हायत, सकाळच्या एसटीनं जातात, संध्याकाळी येतात. फोटो पाहून तेई म्हणले, "तुले सोताले येत नाई, तू काय शिकवशीन तिले?" सासू चुलीपासून म्हणते, "पोरीची जात हाय, सही आली का झालं." सारे बोलून मोकळे. मंग माया राग गेला कुठं? जिथं जाले सोपं होतं तिथं. पोरीवर.

ग्रुपवर आणखी एक होतं. भंडाऱ्याहून शाळा तपासाले साहेब येनार, म्हणून शाळेच्या भिंतीवर लेकरांनी स्वतः लिहिलेलं लावाचं हाय, असं मॅडमनं लिहिलं होतं. अन् त्याच्याच खाली 'माझी आई' हा निबंध तयार करून टाकला होता, सुंदर अक्षरात उतरवून आणा म्हणून. स्वतः लिहिलेलं म्हणे! मी पोरीले समोर बसवलं अन् वाचत गेली. 'माझी आई पहाटे पाच वाजता उठते. गरम गरम पोळ्या लाटते. मला परीच्या गोष्टी सांगते.'

पोरगी म्हणते, "आई, तू त भात रांधते."

"लिही म्हनलं नं."

"मंग या पोळ्या कोणाच्या आईच्या हायत?"

मी फटकन हातावर मारलं. पेन्सिल घरंगळत खाटेखाली गेली. पोरगी रडली नाई, नुसती माया हाताकडं पाहात राहिली.

दुसऱ्या दिवशी घरात एकई पेन्सिल नाई. तिसऱ्या दिवशी तांदूळ काढाले डब्यात हात घातला त टोचलं. चारई पेन्सिली तांदळात पुरून ठेवल्या होत्या, टोकं वर करून. मी तश्याच राहू देल्ल्या. त्या डब्यापाशी उकिडवी बसून मले कशाची लाज वाटून राहिली होती ते मले सांगता येत नाई.

मंग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इकडं मारबत काढतात. बाईचं सोंग बनवतात, गावाच्या शिवेबाहेर नेतात अन् मागून सारे बोंबलतात, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. ज्याले जे नको ते तिच्या संगं पाठवाचं. पोरीनं हट्ट धरला का आपली घरची मारबत पायजे. धानाच्या तणसीचा गठ्ठा बांधला, सासूच्या फाटक्या लुगड्याचं लुगडं नेसवलं, अड्याळच्या बाजारातून आणलेल्या रंगीत कागदाच्या बांगड्या केल्या. कोळशानं डोळे पोरीनंच काढले. दात असे काढले का सासू म्हणते, "ही त हुबेहूब मायी नणंद हाय गे."

पोरगी लागली मारबतच्या कानात सांगाले. हे ने, ते ने, अन् तेई ने. बंदच होईना. मी सकाळपासून थकली होती, तिचं तोंड बंद कराले म्हणली, "किती सांगशीन? शिवेपर्यंत जाईस्तोवर मारबत विसरून जाईन. चिठ्ठी लिहून दे."

"तिले वाचता येते?"

"नववी शिकली हाय," मी म्हणली.

पोरगी उठली. सरळ तांदळाच्या डब्यापाशी गेली, पेन्सिल काढली, फ्रॉकले पुसली अन् जमिनीवर पालथी पडली. मी जागची हालली नाई. वाटलं, हालली त पोरगी उडून जाईन, बगळा उडते तसं. आधी चित्र काढे, मंग खाली लिहे. गुडघ्याचं चित्र, गुडघ्याले डोळे, डोळ्यात पाणी. 'आजीचा गुडघा घेऊन जा. पण पाय ठेव.' लाल पेनाले पाय काढले. 'लाल पेन घेऊन जा. तो माया वहीत धावते.' मोबाईल काढला. 'फोटो घेऊन जा.' अन् चवथ्या चिठ्ठीवर एक हात, हातात हिरव्या बांगड्या. 'आईचा हात घेऊन जा. मारते तो. वेणी घालते तो ठेव.'

वाचलं अन् मी चुलीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत गेली, पण पोरीनं चिठ्ठ्या सोडल्या नाई. "फेकल्या त शाळेत काय नेऊ? मॅडमनं आपलं लिहिलेलं आणा म्हनलं हाय." सासू बोंबलली, "अवो, रिकाम्या हातानं पाठवलं मारबतले! आता माया गुडघा का तुमचा बाप नेईन?"

शाळा उघडली त्या दिवशी मी संगं गेली. जाच्या आधी हाताची चिठ्ठी हळूच काढली अन् कमरेले खोचली. बाकीच्या तीन कागदात गुंडाळून पोरीच्या हाती देल्ल्या.

मॅडम स्टुलावर उभ्या राहून भिंतीले निबंध टोचून राहिल्या होत्या. ओळीनं सारे सारखे. गावातल्या साऱ्या आया पहाटे पाचले उठून पोळ्याच लाटून राहिल्या होत्या. मॅडमनं चिठ्ठ्या पाहिल्या. "ताई, हे काय? साहेब येणार आहेत. मारबत काय, लाल पेन काय! मी ग्रुपवर पाठवलं होतं ना? तेच आणा, चांगलं दिसतं."

अन् माया तोंडातून 'हो मॅडम' निघूनई गेलं. सवयच हाय त्या तोंडाले.

तेवढ्यात पोरगी चिठ्ठ्या मोजते. "आई, एक कमी हाय."

मंग मले जो राग आला! डोळ्यापुढं पिवळं झालं. मॅडमचा आला, ग्रुपचा आला, घरच्यांचा आला, त्या 'हो मॅडम'चा आला, पण साऱ्यात जास्त कमरेले खोचलेल्या त्या चिठ्ठीचा आला. दुसऱ्यानं तिचं लिहिलेलं नको म्हनलं म्हणून मी पेटली, अन् मी सोता काय केलं? तिनं लिहिलेल्यातलं मले नको ते काढून घेतलं. मी चिठ्ठी ओढून काढली अन् टेबलावर ठेवली.

"हे बी लावा मॅडम. हा माया हात हाय. तुमच्या पोळ्या उतरवत नव्हती म्हणून मी मारलं तिले. माया हात भिंतीवर लागते, मंग तुमचा पेनई लागन."

मॅडम म्हणल्या, "घरी मारता तुम्ही मुलीला?"

"हो, मारलं. तेच त लिहिलं हाय तिनं. तुमीच फोटो टाकला होता नं का तिले लिहिता येत नाई म्हणून?"

इतकं बोलून मले दम लागला. मी खालीच बसली, लेकरांच्या रांगेत. मागून कोणीतरी जोरानं वाचलं, "आजीचा गुडघा घेऊन जा, पण पाय ठेव," अन् वर्ग खदखदून हासला. पोरगी लाजली. मान खाली, पण गाल फुगलेले.

मॅडमनं चारई लावल्या. कुठं लावल्या? दाराच्या मागं. दार उघडं राहिलं का दिसतच नाई. साहेब आले त्या दिवशी दार सताड उघडं ठेवलं असन, हे मले घरी बसून समजत होतं अन् मी भाजी चिरता चिरता विळीवरच राग काढून राहिली होती. संध्याकाळी पोरगी आली.

"साहेबानं पायलं?"

"हो. मी दार लोटलं."

"काय म्हनले?"

"आजीचा गुडघा कसा हाय म्हनले."

हाताचं काई इचारलं का, हे मी तिले इचारलं नाई. भेव वाटलं.

ग्रुपवर आता दुसऱ्याच लेकराच्या कोऱ्या वहीचा फोटो येते. मी त्याच्या आईले म्हणली, लेकराले आधी काईतरी बनवू दे, चिखलाचं, तणसीचं, कायचंई, अन् मंग इचार का याले काय सांगाचं हाय. तिनं 'हो हो' म्हणून मोबाईल पदरात बांधला. जाऊ द्या.

पोरगी वही पुढून भरून राहिली, मी मागून. हे तुमी वाचून राहिले ते मागचंच हाय. काल पोरगी मांडीवर येऊन बसली, वेणी घालून घेत. म्हणते, "आई, तू हाताचं लिहिलं का?"

"लिहिलं."

"दोन्ही?"

"दोन्ही."