निसटलेले चार डबे

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं विसरलो. बारामतीजवळच्या रेल्वे फाटकावरचं ते प्रकरण मात्र विसरता आलं नाही.

भर दुपारी खताच्या मालगाडीचे चार डबे माल धक्क्यावरून उताराला घरंगळले आणि उघड्या फाटकात भाजीच्या टेम्पोवर आदळले. टेम्पो चालवणारा अंथुर्ण्याचा शेतकरी जागीच गेला. शेजारी बसलेली त्याची बायको वाचली. जमाव फाटकवाल्याच्या अंगावर धावून गेला. मी त्याला जीपमध्ये घातलं आणि हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवून अटक केली.

"साहेब, गाडीची वेळ नव्हती. मला फोनच आला नाही," एवढंच तो म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असताना पिंपळीचे एक तात्या ठाण्यात आले. धक्क्यावरच्या हमालांचे मुकादम. उभ्यानंच म्हणाले, "फाटकवाल्याला सोडा. चाकाखालची पाचर मी काढली."

"का काढली?"

"डब्याचं दार गोदामासमोर येत न्हवतं. सुपरवायझर म्हणाला, डबे ढकला पुढं. मी इचारलं, फाटकाला फोन केला का? म्हणाला, ते तुमी बघू नका."

फाटकाला कळवल्याशिवाय डबे हलवायचे नाहीत, हा तिथला नियम. मी माल उतरवायच्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला बोलावलं. "हमाल मनानं करतात," हे त्याचं एकच उत्तर. दोन तास मी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. मग त्याच्या मोबाईलची नोंद समोर ठेवली. डबे निसटण्याआधीच्या अर्ध्या तासात ठेकेदाराचे तीन फोन होते. तो रडायलाच लागला. "मालक म्हणाले, आजच्या आज डबे रिकामे करा. मी काय करू?"

फाटकवाल्याला सोडलं. तात्या, सुपरवायझर आणि ठेकेदार, तिघांवर दोषारोपपत्र पाठवलं, आणि खटला वर्षानुवर्षं चालला. ठेकेदारानं करार पुढे केला. त्यात धक्क्यावरच्या कामाची जबाबदारी सुपरवायझरवर होती. ठेकेदार आरोपातून मुक्त झाला. सुपरवायझरनं माझ्यासमोर सांगितलेलं सगळं नाकारलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि फोन झाला हे दिसत होतं, काय बोलणं झालं ते नाही. तोही सुटला.

तात्यांना न्यायाधीशांनी विचारलं. ते म्हणाले, "व्हय, पाचर मीच काढली." शिक्षा त्यांना एकट्यांनाच झाली.

निकालानंतर ती विधवा बाई माझ्याजवळ आली. मला वाटलं, समाधान बोलून दाखवेल. ती म्हणाली, "साहेब, एवढ्या वर्षांत त्या तात्यांनीच तेवढं माझ्याकडं बघून हात जोडले. अन् त्यांनाच नेलं व्हय?"

तपासात खोट नव्हती, कागद चोख होते.

त्यानंतर कुणी आपणहून गुन्हा सांगायला ठाण्यात आलं, की मी त्याला आधी बसायला सांगायचो, पाणी द्यायचो आणि म्हणायचो, "अगोदर वकिलाला भेटून या." पोलिसानं असं सांगू नये, हे मला ठाऊक होतं.