वाटीभर जास्तीचं ऑइल

गॅरेजमध्ये किस्से साचतात ते फरशीवरच्या ऑइलसारखे. उद्या पुसू म्हणतो आणि त्यावर नवा थर चढतो. माझं गॅरेज दिलसुखनगरला, सगळ्या जुन्या डिझेल गाड्या. धूर ओळखायला आमचे हेडमिस्त्री, उस्ताद!

*

एकाची गाडी काळा धूर ओकत होती. तो नव्या गाडीचं बुकिंग करूनच आलेला. त्या वर्षांत सगळ्यांनाच नव्या गाडीचं वेड! उस्तादांनी एअर फिल्टर उघडला, आतून उंदराचं घरटं निघालं.

"नयी बाद में लेना मियाँ, पहले इसको सांस तो लेने देओ!"

*

एक साहेब थंडीत रोज यायचे. सकाळी गाडी सुरू करताना पांढरा धूर येतो, मिनिटात जातो. इंजिन उघडाच, म्हणून हट्ट.

"सुबू सुबू तुम्हारे मुँह से बी निकलता. तुमकू बी खोलूं क्या?"

*

एका दलालाने निळा धूर लपवायला जाड ऑइल भरून गाडी आणली. उस्ताद हुंगून म्हणाले, "इत्तर लगाए तो बुखार नै उतरता."

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

*

मग उस्ताद लग्नाला गावी गेले आणि तारनाक्याचे नांदेडकर सर आले. रिटायर्ड मास्तर. त्यांच्या गाडीचा एअर फिल्टर जुन्या पद्धतीचा, धूळ धरायला खाली ऑइलची वाटी असलेला. सर घरचेच, म्हणून मी स्वतः सर्व्हिसिंग केलं आणि वाटी काठोकाठ भरली.

आठवड्यात गाडी निळा धूर सोडत परत आली. निळा म्हणजे ऑइल जळतंय, एवढं मला ठाऊक होतं. मी ऐटीत सांगितलं, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, सर. आता खर्च करू नका, विकून टाका."

"आमची ही याच गाडीवर चालवायला शिकली रे," सर म्हणाले. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी माझ्या शब्दावर त्यांनी गाडी विकली.

महिन्याने नवा मालक तीच गाडी घेऊन आला. उस्तादांनी इंजिनाला हात न लावता फिल्टरची वाटी उतरवली. जास्तीचं ऑइल इंजिन हवेबरोबर ओढत होतं. ते काढलं, थोड्या वेळाने धूर बंद!

"कौन भरा इत्ता?"

मी पाना शोधायला लागलो. त्याच दिवशी सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

*

पुढे एकदा सर रिक्षातून जाताना थांबले. त्यांची ती जुनी गाडी सर्व्हिसिंगला आली होती, इंजिन चालू होतं. सर मागे जाऊन वाकले आणि सायलेन्सरकडे बघत राहिले. धुराचा पत्ता नव्हता.

"नवं इंजिन बसवलं वाटतं?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

"हौ, सर," मी म्हणालो.

सरांनी बॉनेटवर हात ठेवला. "बरं झालं बाबा. मी उगाच इतके दिवस हळहळत होतो!"